पऱ्हाट्यांच्या उजेडातला फोटो

परवा यावलला मावसभावाच्या शेतात भरीत पार्टी झाली. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजत होती आणि त्याच जाळाच्या उजेडात आम्ही दोघांनी फोटो काढले. त्यानं नव्या २०० मेगापिक्सेलच्या फोनवर, मी माझ्या २०२० च्या जुन्यावर. त्याच्या फोटोत वांग्याची तडकलेली साल, मावशीच्या हातावरचं गोंदण, सगळं स्वच्छ. माझ्यात नुसता लालसर धूर. हे मान्यच करायला हवं.

पण २०० हा आकडा फसवा आहे. एरवी तो फोन १६-१६ पिक्सेल जोडून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. अंधारात खरं काम करतो तो उजेड टिपणारा मोठा सेन्सर, आणि एकामागून एक टिपलेल्या फ्रेम जोडणारं सॉफ्टवेअर. दिवसाउजेडी केळीच्या पानावरचा करपा रोग दोन्ही फोनांत सारखाच दिसला. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो आकसतोच.

म्हणून तसल्या नव्या फोनात एवढे पैसे मी आत्ता घालणार नाही. ठिबकच्या नळ्या बदलायच्यात. जुन्या फोनात बॅटरी तेवढी नवी टाकली, लेन्स मऊ फडक्यानं पुसली. मावशीच्या गोंदणाचा तो फोटो मात्र भावाकडून मूळ फाइलच मागून घेतलाय.