विझलेल्या आकड्यांची पेटी

विमान संग्रहालयात जतनाचे काम करणाऱ्याला गंज, कुजलेले कापड आणि पोपडे धरलेला रंग यांची सवय असते. परंतु दुसऱ्या महायुद्धातील एका विमानाची उपकरणे भरलेली लाकडी पेटी आमच्या कार्यशाळेत आली, तो दिवस वेगळाच ठरला. सोबतच्या पत्रात देणगीदाराने लिहिले होते की तबकड्यांवरचे आकडे पूर्वी अंधारात चमकत असत, आता ते विझले असल्यामुळे काळजीचे काही कारण नाही. ते वाचताच मी पेटीत हात घालणाऱ्या सहकाऱ्याला थांबवले.

रात्रीच्या उड्डाणात वैमानिकाला तबकडी वाचता यावी म्हणून त्या काळी रेडियम या किरणोत्सर्गी धातूचे क्षार आणि झिंक सल्फाइड यांचे मिश्रण असलेला रंग वापरत असत. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड उजळते आणि त्याच किरणांच्या सततच्या माऱ्याने काही वर्षांत निकामी होते. म्हणजे विझते ते झिंक सल्फाइड; रेडियम-२२६ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचे असल्याने ८० वर्षांत त्याची तीव्रता जेमतेम ३-४ टक्क्यांनी उतरते. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर पेटीजवळ नेताच त्याची कडकड सुरू झाली आणि पत्रातला दिलासा तिथेच संपला.

उंचीमापकाची काच तडकलेली होती आणि गुंडाळलेल्या कागदाच्या घडीत तपकिरी भुकटी साचली होती. खरा धोका या भुकटीचा. रेडियममधून निघणारे अल्फा कण अखंड काचेच्या पलीकडे जात नाहीत, पण धूळ श्वासावाटे वा तोंडावाटे शरीरात गेली, तर रेडियम कॅल्शियमसारखे वागून हाडांत जाऊन बसते. १९२० च्या दशकात अमेरिकेतील घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या तरुणी कुंचल्याला ओठांनी टोक काढत आणि त्यांच्या जबड्याची हाडे कुजली, हे या धंद्यात कोणी विसरू नये. आम्ही हातमोजे आणि मुखपट्टी चढवून भुकटी ओल्या कापडाने टिपली. कोरडा ब्रश फिरवला असता तर ती खोलीभर उडाली असती.

दुपारी वाद झाला. जुना रंग खरवडून तिथे आधुनिक चमकता रंग द्यावा, म्हणजे प्रेक्षकांना कॉकपिट खरे वाटेल, असे प्रदर्शन विभागाचे म्हणणे होते. मला ते मान्य नव्हते, आणि केवळ सुरक्षेसाठी नव्हे. करपून तपकिरी झालेले ते आकडे हाच त्या उपकरणाचा अस्सल भाग आहे. खरवडल्यानंतर उरते ती पत्र्याची एक चकती, जी कोणत्याही कारखान्यात करून घेता येते. बऱ्याच चर्चेनंतर कॉकपिटमध्ये छापील तबकड्यांच्या प्रतिकृती बसवायच्या, तसे फलकावर स्पष्ट लिहायचे आणि मूळ उपकरणे सीलबंद करून हवा बाहेर खेचणाऱ्या कपाटात ठेवायची, असे ठरले. रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू सतत निघत राहतो, त्यामुळे साध्या बंद कपाटात त्यांना ठेवणे योग्य नव्हते.

त्याच कारणाने संध्याकाळी मी दालनातल्या इतर विमानांची यादी काढली आणि ज्यांत मूळ उपकरणे अजून जागेवर आहेत, त्यांच्या कॉकपिटवर मोजणी होईपर्यंत प्रवेशबंदीच्या पट्ट्या लावून घेतल्या.