‘होय’ म्हटले तर नेमके काय होणार?

ऑक्टोबर २०२४ मधल्या एका रविवारी सकाळी आठ वाजता अमेरिकेतल्या डेन्व्हरहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची रात्र होती. जेवणाचे टेबल आवरून तिने त्यावर एक लांबलचक कागद पसरला होता, आणि फोन त्या कागदावर धरून ती म्हणाली, “मावशी, राष्ट्राध्यक्षाचं मत दोन मिनिटांत झालं. आता हे बाकीचं तू माझ्याबरोबर वाच.” आदल्या वर्षी तिला तिथले नागरिकत्व मिळाले होते आणि हे तिचे पहिलेच मतदान होते. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोमध्ये मतपत्रिका टपालाने घरी येते, ती भरून, पाकिटावर सही करून, मतदानाच्या दिवसापर्यंत पेटीत टाकायची असते. त्यामुळे तिच्याकडे वेळ भरपूर होता. अडचण वेगळीच होती. उमेदवारांच्या नावांखाली राज्याचे चौदा प्रश्न आणि त्यांच्याखाली शहराचे आणखी काही, आणि प्रत्येकासमोर दोनच गोल: होय आणि नाही.

मी पुण्यात अनेक वर्षे न्यायालयीन कागदपत्रांचे मराठी भाषांतर करते. कायद्याचे वाक्य सुटे करून बघण्याची सवय असल्यामुळे तिने मला फोन केला होता. तिथल्या राजकारणाबद्दल मी तिला काही सांगावे अशी तिची अपेक्षा नव्हती आणि मीही ते सांगितले नाही. मात्र त्या दोन-अडीच तासांत माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. अशा प्रश्नावर आपले मत काय, हे ठरवण्याआधी ‘होय’ म्हटल्याने कोणता मजकूर बदलेल आणि ‘नाही’ म्हटल्याने काय जसेच्या तसे राहील, एवढे स्वतःच्या भाषेत एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ते लिहिता येत नसेल, तर आपण प्रश्नाला नव्हे, त्याच्या मथळ्याला मत देत असतो.

सुरुवात आम्ही क्रमांकांपासून केली, कारण तिथे क्रमांकातच बरीच माहिती असते. इंग्रजी अक्षर असलेला प्रस्ताव विधिमंडळाने मतदारांकडे पाठवलेला असतो, आकडा असलेला प्रस्ताव नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेला असतो. ‘अमेंडमेंट’ म्हणजे राज्याच्या घटनेतील दुरुस्ती, ‘प्रपोझिशन’ म्हणजे साध्या कायद्यातील बदल. त्या वर्षी दोन्ही प्रकारचे सात-सात प्रस्ताव होते. हा भेद केवळ नावाचा नाही. साधा कायदा पुढे अडचणीचा ठरला तर विधिमंडळ तो बदलू शकते. घटनेत एकदा घातलेले वाक्य काढायचे तर पुन्हा मतदारांकडेच यावे लागते. म्हणून तिथे २०१६ पासून घटनेत नवा मजकूर घालण्यासाठी ५५ टक्के मते लागतात, आणि सह्याही राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या, पस्तीसही मतदारसंघांतून, प्रत्येकी नोंदणीकृत मतदारांच्या किमान दोन टक्के, गोळा कराव्या लागतात. केवळ मजकूर वगळायचा असेल तर मात्र साधे बहुमत पुरते. त्याच मतपत्रिकेवर याची दोन्ही उदाहरणे होती. गर्भपाताचा हक्क घटनेत घालणाऱ्या ७९ क्रमांकाच्या दुरुस्तीला ५५ टक्क्यांची अट होती. विवाह केवळ एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातच वैध मानावा हे २००६ मध्ये घातलेले वाक्य वगळणाऱ्या ‘जे’ दुरुस्तीला ती अट नव्हती. दोन्ही मंजूर झाल्या.

भाचीच्या हाताशी राज्याने घरोघरी पाठवलेली निळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका होती. विधिमंडळाचे पक्षनिरपेक्ष कर्मचारी ती तयार करतात. तिच्यात प्रत्येक प्रस्तावाचा सारांश, बाजूचे व विरोधातील युक्तिवाद, तिजोरीवरील परिणाम आणि शेवटी मूळ कायदेशीर मजकूर असतो. शिवाय ‘होय’ या मताचा अर्थ काय आणि ‘नाही’चा काय, हेही स्वतंत्रपणे दिलेले असते. मला ही पुस्तिका मनापासून आवडली. टपालपेटीत येऊन पडणाऱ्या रंगीत प्रचारपत्रकांत नसते ते सगळे तिच्यात होते, आणि मुख्य म्हणजे मूळ मजकूर होता. मी भाचीला आधी तोच उघडायला लावला. नवा मजकूर ठळक अक्षरांत आणि वगळायचा मजकूर मधोमध रेघ मारून छापलेला असेल, तर सारांश वाचण्यापूर्वीच निम्मे काम होते.

शब्दरचनेने केवढा फरक पडतो, याचे त्याच राज्यातले एक उदाहरण सांगते. कोलोरॅडोच्या घटनेत गुलामगिरीला मनाई होती, पण गुन्ह्याच्या शिक्षेपुरता तिला अपवाद होता. तो अपवाद काढण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये मतदारांपुढे आला. त्याचे मराठी मी कागदावर असे केले: ‘गुन्ह्याबद्दल रीतसर दोषी ठरलेल्या व्यक्तीस शिक्षा म्हणून वापर होत असता गुलामगिरी व सक्तीची चाकरी यांवरील मनाईला असलेला अपवाद काढून टाकण्यासंबंधी दुरुस्ती करावी काय?’ मनाई, तिला अपवाद, आणि तो अपवाद काढून टाकणे. तीन वेळा उलटे वळण घेतल्यावर ‘होय’ म्हणजे गुलामगिरी हवी की नको, हे मलासुद्धा पेन्सिलीने बाण काढून पाहावे लागले. तो प्रस्ताव अगदी थोड्या मतांनी पडला. २०१८ मध्ये तोच बदल पुन्हा आला. या वेळी दुरुस्तीने शिक्षा म्हणूनही गुलामगिरीला मनाई होईल आणि त्यायोगे ती सर्व परिस्थितीत निषिद्ध ठरेल, असे सरळ विचारले होते, आणि सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी ‘होय’ म्हटले. दोन वर्षांत लोकांची नीतिमत्ता एवढी पालटली असे मला वाटत नाही. पहिल्या खेपेला अनेकांना प्रश्नच कळला नसावा.

कराच्या प्रश्नांवर आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. १९९२ च्या एका घटनादुरुस्तीमुळे कोलोरॅडोमध्ये मतदारांना विचारल्याशिवाय नवा कर लावता येत नाही किंवा कराचा दर वाढवता येत नाही, आणि करवाढीचा प्रश्न ‘कर दरवर्षी इतक्या डॉलरने वाढवावेत काय?’ असाच, मोठ्या अक्षरांत, सुरू करावा लागतो. कर कशासाठी, हे त्यानंतर येते. डेन्व्हर शहराचा ‘टू क्यू’ नावाचा प्रस्ताव तिथल्या सार्वजनिक रुग्णालयासाठी होता आणि त्याचे पहिले वाक्य सात कोटी डॉलरचे होते. तो आकडा पाहून भाचीचा हात ‘नाही’कडे वळला. मी तिला दर बघायला सांगितले: विक्रीकरात ०.३४ टक्के वाढ, म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीवर ३४ सेंट. मग तिने महिन्याच्या वाणसामानाच्या आणि इतर खरेदीच्या पावत्या काढल्या, कर कशावर लागतो आणि कशावर नाही ते पाहिले आणि स्वतःचा आकडा स्वतः काढला. तो आकडा पेलतो की नाही, आणि रुग्णालयाला तो द्यावा की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण सात कोटींकडे पाहत बसून दोन्हींपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

हे चालले असताना मला आमच्या क्षेत्रीय कार्यालयातील रांग आठवत होती. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाल्यानंतर राज्य शासनाने ती बंद केली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. ती मिळवण्यासाठी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज आणि त्यासोबत आपण तिथेच राहतो याचे पुरावे द्यायचे होते. माझ्यापुढे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ मिळकतकराची जुनी बिले कापडी पिशवीत घेऊन उभे होते. सवलत का गेली आणि का आली, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या काळात महापालिकेची मुदत संपलेली होती, मार्च २०२२ पासून प्रशासकच कारभार पाहत होते, त्यामुळे विचारायला नगरसेवकही नव्हता. प्रत्येक कर मतदानाला टाकावा असे मी म्हणत नाही. कोलोरॅडोतही त्या नियमामुळे राज्याचा हात बांधला जातो अशी तक्रार आहेच. पण कर बदलताना तो किती, कशासाठी आणि माझ्यावर किती, हे छापील कागदावर घरी येणे, एवढे तरी आपल्याकडे व्हावे असे मला कळकळीने वाटते. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर महापालिकेची निवडणूक झाली, मी चार जागांसाठी चार वेळा बटण दाबले, आणि घरी आलेल्या प्रचारपत्रकांच्या ढिगात मिळकतकराच्या हिशेबाचे एक पान शोधत राहिले. मला ते सापडले नाही.

शहराच्या प्रस्तावांत आणखी एक शिकण्यासारखा होता. ‘३०९’ चा प्रश्न शहराच्या हद्दीत कत्तलखान्यांना बंदी घालण्याचा होता. वाक्य सर्वसाधारण होते, पण डेन्व्हरमध्ये तेव्हा असा एकच कारखाना होता, मेंढ्यांच्या मांसाचा, आणि त्यात कामगारांचीच मालकी होती. तेव्हा मतपत्रिकेवर तत्त्व दिसत असले तरी प्रत्यक्षात निर्णय एका ठिकाणच्या कामगारांविषयीही होता. मतदारांनी तो नाकारला. कोण बरोबर, यात मला जायचे नाही. पण ‘हा नियम आज नेमका कोणाला लागू होतो?’ हा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक अधिसूचनेला विचारते.

“आपल्याकडे असं का नाही गं?” भाचीने मध्येच विचारले. भारतात घटनादुरुस्ती अनुच्छेद ३६८ नुसार संसद करते: प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश, शिवाय काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती. मतदाराला थेट विचारले जात नाही. मात्र १९७८ मध्ये ते होता होता राहिले. घटनेच्या काही मूलभूत वैशिष्ट्यांना धक्का लावणारा बदल सार्वमताशिवाय होऊ नये, अशी तरतूद तेव्हाच्या दुरुस्ती विधेयकात होती. लोकसभेने ती मंजूर केली, राज्यसभेने नाकारली, आणि उरलेले विधेयक चव्वेचाळिसावी दुरुस्ती म्हणून आले.

तरीही ‘होय की नाही’ या प्रकारचे मतदान मराठी माणसाला परके नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल आणि केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पाने, अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. निकालाने महाराष्ट्रात अनेकांना वाईट वाटले, पण प्रश्न समजला नाही असे कोणी म्हणू शकले नाही. दुसरे उदाहरण आपल्या गावांतले आहे: आडवी बाटली आणि उभी बाटली. गावातील किंवा प्रभागातील महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी लेखी मागणी केली की सह्या पडताळून गुप्त मतदान घेतले जाते. दारूचे दुकान बंद व्हावे असे वाटणारीने आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, चालू राहावे असे वाटणारीने उभ्या. मला या मतपत्रिकेबद्दल फार आदर आहे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही आपल्या शिक्क्याने काय होणार हे चित्रातच दिसते. डेन्व्हरमध्ये पदवीधर भाचीला ते कळायला आम्हाला बाण काढावे लागले.

शेवटी प्राथमिक निवडणुकीची, म्हणजे अंतिम निवडणुकीचे उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या फेरीची, पद्धत बदलणारा ‘१३१’ राहिला. तीनदा वाचूनही तिचे एका वाक्यातले उत्तर तयार होईना. “कोरं सोडलं तर विरोधात धरतात का?” तिने विचारले. धरत नाहीत. तिथे त्या प्रश्नावर पडलेल्या मतांचाच हिशेब होतो, त्यामुळे कोरे सोडणे म्हणजे त्या एका प्रश्नापुरते बाजूला राहणे, बाकीची मतपत्रिका वैध राहते. मी तिला सांगितले की आपल्या बाटलीच्या मतदानात तसे नाही. तिथे पडलेल्या मतांच्या नव्हे, यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. जी आली नाही, तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूला जाते.

हे मला आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंमुळे माहीत आहे. त्यांचे नाव अजून गावच्याच यादीत आहे. गावात मतदान लागले तेव्हा त्यांनी आठवडाभर आधी सुट्टी मागून घेतली, शिवाजीनगरहून पहाटेची पहिली एसटी पकडली आणि दुपारी शिक्का मारून रात्री परतल्या. दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता त्यांनी आकडे सांगितले. आडवीला उभीपेक्षा दुपटीहून जास्त मते पडली होती, तरी दुकान राहिले, कारण एकूण यादीच्या निम्मा आकडा थोडक्यात हुकला. त्यांच्या दोन जावा चाकणला कंपनीत कामाला आहेत. त्यांना त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती, आणि त्या दोघींची नावे यादीत होती.