सावलीची कड

२५ फेब्रुवारी २०२२ला नासाचं जूनो यान चाळिसाव्यांदा गुरूच्या जवळून गेलं, आणि त्या फेरीत त्याच्या कॅमेऱ्याला ढगांवर पडलेली गॅनिमीड या गुरूच्याच चंद्राची सावली सापडली. जूनोकॅम या त्याच्या कॅमेऱ्याचा कच्चा डेटा सगळ्यांसाठी खुला असतो. मी तो उतरवून घेतला आणि रात्रभर त्यावर बसलो.

कच्ची फाइल उघडली की ग्रह दिसतच नाही. यान साधारण तीस सेकंदांत स्वतःभोवती एक गिरकी घेतं, त्या गिरकीबरोबर कॅमेरा समोरचं दृश्य पट्ट्यापट्ट्यांनी टिपतो. हाती येतात १२८ पिक्सेल उंचीच्या करड्या पट्ट्या: निळी, हिरवी, लाल, पुन्हा निळी. दोन पट्ट्यांमधल्या वेळात यान पुढे सरकलेलं असतं, म्हणून प्रत्येक पट्टी त्याच्या त्या क्षणाच्या जागेनुसार बसवावी लागते. थोडी जरी चूक झाली तरी सावलीला लाल-निळी झालर येते. ती घालवण्यातच मध्यरात्र उलटली.

झालर गेली, पण सावलीची कड भुरकटच राहिली. जोडणीत माझंच काही चुकलं असणार असं धरून मी ती शार्पन केली. कडेभोवती पांढरं कडं उमटलं. गुरूवर असं कडं कुठेच नाही, ते मी तयार केलं होतं, आणि ते बघून मला फार अस्वस्थ वाटलं. मग लक्ष गेलं शेजारच्या ढगांकडे. त्यांचे धागेदोरे अगदी रेखीव होते. जोडणी चुकली असती तर तेही पुसट झाले असते.

कागद घेतला. गुरूवरून सूर्यबिंब जेमतेम एक दशांश अंशाचं दिसतं. गॅनिमीड ढगांपासून सुमारे दहा लाख किलोमीटरवर. म्हणजे उपच्छायेचा, सूर्यबिंब अर्धवटच झाकलं जातं त्या फिकट सावलीचा, पट्टा साधारण १,८०० किलोमीटर रुंद हवा. यान ढगांपासून ७१,००० किलोमीटरवर होतं, तिथून एक पिक्सेल जवळपास पन्नास किलोमीटरचा. मी पडद्यावर पिक्सेल मोजले: चाळिसाच्या आसपास भरले!

ती भुरकट कड म्हणजे सूर्याची रुंदी होती. मी ती खोडायला निघालो होतो.

सावलीवरचं सगळं शार्पनिंग काढून टाकलं. मग सप्टेंबर २०१९च्या फेरीतली आयोची सावली उघडून शेजारी ठेवली. आयो हा दुसरा चंद्र गुरूच्या कितीतरी जवळ, ढगांपासून साडेतीन लाख किलोमीटरवर. त्याच्या सावलीची कड कशी स्वच्छ कापल्यासारखी होती.