३२ चौकटी

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी संख्याशास्त्र शिकवतो. फळ्यावर सिग्मा, म्हणजे बेरजेचं Σ हे चिन्ह, उमटला की माना खाली जातात, हे दरवर्षीचंच. यंदा एक मुलगी तर सूत्र दिसताच पेन खाली ठेवायची. बाकी विषयांत हुशार, पण 'मला गणित जमत नाही' हे मनाशी पक्कं केलेलं.

प्रमाण विचलनाच्या, म्हणजे संख्या सरासरीभोवती किती पसरल्यात ते मोजण्याच्या, तासाला मी सूत्राला हातच लावला नाही. ग्राफपेपर आणि कात्र्या वाटल्या. संख्या दिल्या: २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. सरासरी ५, तिथं उभी रेघ. आता जी संख्या रेघेपासून जितकी लांब, तितक्या बाजूचा चौरस कापायचा. दोन्ही पाचांना काहीच नाही, प्रत्येक चाराला एक चौकट आणि नवाला तब्बल १६!

"एकट्या नवानं निम्मी जागा खाल्ली की," मागून कुणीतरी म्हणालं. दूरची एखादीच संख्या सगळा हिशोब कसा फिरवते, हे सांगताना एरवी माझा घसा कोरडा पडतो.

सगळ्या मिळून ३२ चौकटी. आठ जणांत सारख्या वाटल्या तर प्रत्येकी ४, हा व्हेरियन्स. "मग त्या चौरसाची बाजू २," ती मुलगी म्हणाली. झालं, प्रमाण विचलन निघालं. मग सूत्र लिहिलं आणि त्यातलं कोणतं चिन्ह कागदावर कुठं आहे, ते तिलाच दाखवायला लावलं.

नुसत्या रंगीत स्लाइडनं हे होत नाही. घाबरलेली मुलं पडद्यावरचा आलेखही वहीत उतरवून पाठ करतात. हात चालला पाहिजे.

शेवटी संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम यांचे १९७३चे आकड्यांच्या जोड्यांचे चार संच आलेखावर काढायला दिले. सरासरी, व्हेरियन्स, सहसंबंध जवळपास तेच, पण आलेख काढला की एक रेषेभोवती विखुरलेला, दुसरा कमानीसारखा वळलेला. इथं आकडेमोडीत पक्क्या असलेल्यांचीच जास्त पंचाईत झाली.

तास संपता संपता तीच मुलगी पुस्तक घेऊन आली. "सर, यात आठऐवजी सातनं भागलंय."

म्हटलं, रेघ ६ वर सरकव आणि चौरस पुन्हा मोज. ४० भरले. ४ वर नेली, तरी ४०.

"म्हणजे आपल्याच सरासरीपासून मोजलं की बेरीज सगळ्यात कमी?"

हो, आणि या आठ संख्या मोठ्या समूहातला नमुना असतील, तर त्या मूळ समूहाची सरासरी नेमकी ५ वरच असेल असं नाही; मग आपली बेरीज जरा कमीच भरते. म्हणून नमुन्यावरून अंदाज बांधताना भाजक जरा लहान घ्यायचा. तो एकनंच का कमी करायचा, याला मात्र चौरस पुरत नाहीत, बीजगणितच लागतं. ते पुढच्या तासाला ठेवलं.