स्लाइड स्कॅनिंग: पुठ्ठ्याच्या माउंटच्या कोपऱ्यांचा प्रश्न सुटला, काचेचा अजून बाकी

पुठ्ठ्याच्या माउंटमधल्या स्लाइड्सचे कोपरे अखेर जागेवर आले, तेही स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) न करता. स्लाइड्स इथे स्कॅनरऐवजी कॅमेऱ्याने टिपायच्या. सेटअप मागचाच: 24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, 1:1 मॅक्रो लेन्स (स्लाइड सेन्सरवर तेवढ्याच आकारात उमटते), कॉपी स्टँड, खाली एलईडी पॅनेल. 36 मिमीवर 6000 पिक्सेल, म्हणजे साधारण 4200 डीपीआय (दर इंचाला ठिपके). तक्रारही तीच होती. मधोमध ग्रेन (फिल्मचे बारीक कण) लख्ख आणि चारही कोपऱ्यांवर लोणी फासल्यासारखं.

एकच बाजू मऊ असेल तर कॅमेरा तिरका आहे असं समजायचं. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवून लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आणलं की तो भाग मिटतो. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर दोन संशयित उरतात: फिल्मचा बाक आणि लेन्सचं फील्ड कर्व्हेचर, म्हणजे फोकसची पातळी सपाट नसून वाकलेली असणं. दोन्हींची लक्षणं सारखी, त्यामुळे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायची पद्धत अशी. अ‍ॅपर्चर f/2.8 वर पूर्ण उघडं, लाइव्ह व्ह्यू जास्तीत जास्त मोठा, फोकस रिंगला हात लावायचा नाही. कॅमेरा धरणारी रेल सरकवून आधी मध्यावर फोकस, मग कोपऱ्यावर. फोकस चित्रावर न धरता ग्रेनवर धरा, कारण चित्र मुळातच हललेलं असू शकतं. या रेलचा स्क्रू एका फेऱ्यात 1 मिमी सरकतो, त्यामुळे फरक सरळ वाचता येतो. इमल्शन (फिल्मवरचा चित्र असलेला जिलेटिनचा थर) खाली, पॅनेलकडे असताना मध्य आणि कोपरा यांत 0.7 मिमी निघाले.

आता गणित. दोन पिक्सेल म्हणजे 0.012 मिमी एवढी धूसरता चालवून घेतली तर 1:1 ला f/8 वर एकूण डेप्थ ऑफ फील्ड (जेवढी खोली फोकसमध्ये राहते ती) जेमतेम 0.4 मिमी मिळते. 0.7 त्यात बसत नाही. f/11 ला ती 0.5 च्या पुढे जाते, पण 1:1 ला खरं अ‍ॅपर्चर दुप्पट आकड्याचं, म्हणजे f/22 होतं, आणि डिफ्रॅक्शन (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरणं) मधल्या ग्रेनलाही खातं. कोपरे वाचवायला मध्य पुसणं हा सौदा मला मान्य नाही. (काही कॅमेरे मॅक्रोत हा दुप्पट आकडाच दाखवतात, काही नाममात्र. सेटिंग्जची तुलना करताना आधी हे विचारून घ्या.)

म्हणून बेत होता f/5.6 वर 0.2 मिमीच्या टप्प्यांनी चार फ्रेम घेऊन स्टॅक करायचा. चालतो, पण प्रत्येक स्लाइडला चार रॉ फाइल्स आणि वर सॉफ्टवेअरचा वेळ. ट्रे भरून स्लाइड्स असतील तर जीव जातो.

तोडगा प्रोजेक्टरच्या दुनियेतून मिळाला. पुठ्ठ्याच्या माउंटमधली फिल्म वाकणारच, हे धरून कोडॅकने प्रोजेक्टरसाठी कर्व्हड फील्ड लेन्स काढल्या होत्या. मग आपल्या मॅक्रोची वक्रता फिल्मच्या बाकाशी जुळवून का घेऊ नये? स्लाइड उलटी केली, इमल्शन लेन्सकडे. फरक 0.7 वरून 0.4 वर आला. दोन्ही मोजमापांची सरासरी 0.55, हा फिल्मचा खरा बाक. 0.7 आणि 0.4 यांतल्या फरकाची निम्मी 0.15, ही लेन्सची देणगी. एका बाजूने दोन्हींची बेरीज होते, दुसऱ्या बाजूने वजाबाकी.

0.4 मिमी f/8 मध्ये मावतं, पण फोकस मध्यावर धरला तर नाही. मध्य आणि कोपरा यांच्या बरोबर अधेमधे, म्हणजे मध्यापासून कोपऱ्याच्या दिशेने 0.2 मिमी सरकवून धरायचा. आता टोकाच्या कोपऱ्यात आकाशाचा ग्रेनसुद्धा सुटा दिसतो. ते 100 टक्क्यांवर पाहत बसायला काय मजा येते, हे इथे सांगायला नकोच.

इमल्शन लेन्सकडे म्हणजे चित्र आरशासारखं उलटं येतं. बॅचमध्ये आडवं फ्लिप करा. कोडॅकच्या पुठ्ठ्यावर ‘पडद्याकडची बाजू’ असं इंग्रजीत छापलेलं असतं, तीच इमल्शनची. छापील खूण नसेल तर तिरप्या उजेडात धरा, कमी चकाकणारी बाजू इमल्शनची. तुमच्या लेन्सची वक्रता उलट दिशेची असू शकते, म्हणून दोन्ही बाजूंनी मोजाच.

लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. जिलेटिन सुकलं की आकसतं आणि फिल्म इमल्शनच्या बाजूला वळते. सिलिका जेलच्या डब्यातून काढून लगेच स्कॅन केलेल्या स्लाइड्स म्हणूनच जास्त वाकलेल्या असणार. पुढची बॅच 50 टक्के आर्द्रतेत रात्रभर ठेवून मग मोजणार. बाक 0.4 च्या खाली आला तर f/5.6 वरही विचार करता येईल.

पॅनेलबद्दल थोडक्यात: ट्रेसिंगसाठी विकले जाणारे स्वस्त पॅड घेऊ नका. मंद केले की लुकलुकतात आणि फोटोत पट्टे येतात. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 95 च्या वरचं पॅनेल, स्लाइडपासून 4–5 सेंमी खाली, म्हणजे डिफ्यूझरवरची धूळ फोकसमध्ये येत नाही.

काचेच्या माउंटमध्ये फिल्म सपाट, कोपरे उत्तम, पण न्यूटन रिंग्ज. फिल्मची गुळगुळीत बाजू काचेला टेकते तिथे इंद्रधनुषी वर्तुळं. अँटी-न्यूटन काचेला रिंग्ज येत नाहीत, पण तिचा खरबरीतपणा 4200 डीपीआयला ग्रेनमध्ये मिसळतो. त्यामुळे माउंट उघडून बिनकाचेच्या प्लास्टिकमध्ये बसवायचं ठरतंय. फिल्मवर बुरशी दिसली तर पाण्याचा थेंबही लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं.

टीव्हीसाठी एक्सपोर्ट: 3240×2160, 3840 च्या काळ्या कॅनव्हासवर मधोमध, एसआरजीबी (पडद्यांचा नेहमीचा रंगसंच). डिजिटल फोटो फ्रेमला बेसलाइन (साधी) जेपीईजीच द्या, प्रोग्रेसिव्ह फाइल बऱ्याच फ्रेम उघडत नाहीत. उभ्या स्लाइड्स फाइलमध्येच फिरवून सेव्ह करा, एक्झिफमधली फिरवण्याची खूण कित्येक फ्रेम वाचतच नाहीत.