पोट ऐकतं, पण रोज सांगावं लागतं

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, दुर्बिणीतून पाहिलं तर आतडंही स्वच्छ. तरी सकाळची लोकल गाठायच्या आधी तीनदा संडासला पळावं लागतं, नाहीतर चार-चार दिवस पोट साफ होत नाही, आणि मध्येच कळ येते ती वेगळी. हा आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला या मंडळींना इतक्यांदा मिळालेला असतो की आता त्याचंच टेन्शन येतं. संमोहनोपचाराचा सर्वांत भक्कम पुरावा ज्या मोजक्या ठिकाणी आहे, त्यांतलं एक हे चारचौघांत न बोलायचं दुखणं. म्हणून फायद्यांची लांबलचक यादी न देता या एकाच दुखण्याबद्दल नीट लिहितो.

आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, बिघडलेली असते ती आतडं आणि मेंदू यांच्यातली बोलणी. गुदाशयात छोटा फुगा हळूहळू फुगवून केलेल्या तपासण्यांत दिसतं की निरोगी माणसाला जो दाब नुसता जाणवतो, तोच आयबीएस असलेल्या बऱ्याच जणांना दुखतो. खाल्ल्या-प्यायल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल सगळ्यांचीच वाढते. सकाळच्या चहानंतर 'लागते' ती त्यामुळेच. फरक एवढाच की यांच्या पोटातल्या रेडिओचा आवाज कुणीतरी मोठा करून ठेवलेला असतो. मग दुखेल या धास्तीनं लक्ष सतत पोटाकडे, आणि लक्ष दिलं की आवाज आणखी मोठा. संमोहनात शिकायचं ते हा आवाज कमी करणं.

पीटर व्होरवेल हे पोटविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँचेस्टरमध्ये हे करून पाहिलं. १९८४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा प्रयोग छापून आला: कशालाच दाद न देणारे ३० रुग्ण, निम्म्यांना संमोहन, निम्म्यांशी तितकाच वेळ बोलणं आणि नकली गोळी. संमोहनाच्या गटातली सुधारणा स्पष्टपणे जास्त होती. (गंमत म्हणजे या विद्येला अठराव्या शतकातल्या मेस्मर या डॉक्टरच्या चुंबकीय शक्तीच्या गोष्टींतून सोडवून 'हिप्नॉटिझम' हा शब्द रुळवणारा जेम्स ब्रेड हा डॉक्टरही १८४० च्या दशकात मँचेस्टरमध्येच प्रॅक्टिस करत होता. त्याच सुमारास, १८४५ पासून, बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल हा डॉक्टर रुग्णांना तंद्रीत नेऊन हायड्रोसीलच्या (अंडकोषाभोवती पाणी साठण्याच्या) शस्त्रक्रिया करत होता. लवकरच ईथर आणि क्लोरोफॉर्म ही भुलीची औषधं आली आणि तो प्रकार मागे पडला.) २०१५ मध्ये मँचेस्टरच्याच केंद्रानं सलग १,००० रुग्णांचा हिशोब मांडला, त्यात ७६ टक्क्यांना फायदा झालेला होता. नेदरलँड्समध्ये २०१९ च्या अभ्यासात हाच आकडा तीन महिन्यांनी ४० टक्क्यांच्या आसपास आला. मोजपट्टी वेगळी, रुग्ण वेगळे. पहिला आकडा जाहिरातीत दिसतो, दुसरा दिसत नाही, म्हणून दोन्ही लक्षात ठेवावेत.

संमोहनासाठी खुर्चीत बसण्याआधीचं काम डॉक्टरांचं. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, अॅनिमिया, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास, यांतलं काहीही असेल तर आधी तपासणी. संमोहनानं कळ खरोखर कमी होऊ शकते, आणि धोका नेमका तिथंच आहे: दुखणं झाकलं जाईल, मूळ कारण तसंच राहील. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणारी ब्रिटनची नाईस ही संस्थाही १२ महिने औषधं घेऊन उपयोग न झालेल्यांसाठीच हा उपाय विचारात घ्या म्हणते.

पहिल्या भेटीत संमोहन शक्यतो करूच नये. तासभर माहिती घ्यायची: कधी दुखतं, काय खाल्ल्यावर, कुठल्या प्रसंगात. सोबत आयबीएसची ० ते ५०० गुणांची प्रश्नावली भरून घ्यायची. ३०० च्या वर त्रास तीव्र धरतात, आणि ५० गुणांची घट म्हणजे खरी सुधारणा. हा आकडा कागदावर नसेल तर पाचव्या भेटीला 'बरं वाटतंय बहुतेक' यापलीकडे काही हाती लागत नाही. पुढे साधारण सात ते बारा भेटी, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक. आणि घरी रोज १५-२० मिनिटांचं रेकॉर्डिंग.

भेटीतली तंद्री फार नाट्यमय नसते. पाठ टेकून बसायचं, एका ठिकाणी नजर, श्वास सोडताना पापण्या जड. मग पायापासून वर एकेक भाग सैल, मग दहा पायऱ्या मोजत खाली. (ज्याचे गुडघे दुखतात त्याला पायऱ्या नकोत, नदीकाठची सपाट वाट द्यावी. हे आधी न विचारल्यानं विनाकारण पहिली भेट वाया जाते.) यानंतर मुख्य काम. तळहात पोटावर ठेवायचा. 'हाताखाली ऊब जाणवतेय. ही ऊब आत उतरतेय. जिथं आवळून धरलं होतं, तिथं सैल होतंय.' काहींना हात खरोखर गरम लागतो, काहींना फक्त जड. दोन्ही चालतं. ऊब येतच नसेल तर आधी पाच मिनिटं गरम पाण्याची पिशवी धरायची, म्हणजे शरीराला आठवायला काहीतरी असतं. त्यावर पाण्याचं चित्र: जुलाबवाल्याला दुथडी भरून धावणारा ओढा हळूहळू संथ होताना, बद्धकोष्ठ असलेल्याला साचलेल्या पाटातला गाळ सुटून पाणी वाहतं होताना. हे उलटं झालं तर तक्रार येणारच, आणि सगळ्यांना एकच छापील स्क्रिप्ट वाचून दाखवणाऱ्यांकडून ते होतं.

सूचनेच्या मराठीबद्दल थोडं. 'आता आपल्या उदरामध्ये शिथिलता निर्माण होत आहे' हे ऐकून कुणाचंच पोट सैल पडत नाही, शाळेतलं पुस्तक आठवतं. घरात जो शब्द चालतो तोच हवा: पोट, ऊब, सैल, मोकळं. 'दुखणार नाही' म्हटलं की मनात आधी दुखणंच येतं, म्हणून 'आराम पडतोय'. 'प्रयत्न करा' हे दोन शब्द तर टाळलेलेच बरे, त्यांत न जमण्याची शक्यता आधीच बसलेली असते. आणि ज्याला घरी 'तू' म्हणतात त्यानं स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग करायचं ठरवलं तर स्वतःला 'तू'च म्हणावं.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार: 'मला सगळं ऐकू येत होतं, म्हणजे मला संमोहन लागलंच नाही.' ऐकू यायलाच हवं. ती बेशुद्धी नव्हे, गोष्टीच्या पुस्तकात बुडाल्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात तशी अवस्था आहे. तंद्रीत जाण्याची क्षमता माणसागणिक कमी-जास्त असते, थोड्यांची खूप, थोड्यांची अगदी कमी, बहुतेकांची मधली. मधल्यांचंही काम होतं. दुसरी चूक म्हणजे रात्री अंथरुणात रेकॉर्डिंग लावणं. तिसऱ्या मिनिटाला घोरणं सुरू, आणि झोप म्हणजे संमोहन नव्हे. संध्याकाळी जेवणाआधी, खुर्चीत, फोन सायलेंटवर. गाडी चालवताना कधीच नाही. तिसरी चूक, पहिल्या दोन भेटींत फरक नाही म्हणून सोडून देणं. बदल दिसायला अनेकदा निम्म्या भेटी उलटाव्या लागतात, आणि तोही आधी दुखण्यात येतो. शौचाचं वेळापत्रक मागाहून सुधारतं.

तंद्रीत कधी कुणी रडतं, कुणाचा हात थरथरतो. घाबरण्यासारखं नसतं, पण ते हाताळता येणारा माणूस समोर हवा. बाहेर येताना एक ते पाच मोजायचं, बोटं हलवायची, घोटभर पाणी प्यायचं, मगच उठायचं. झटकन उठलं तर चक्कर येते. भास, संशय यांचा आजार असलेल्यांनी यात मानसोपचारतज्ज्ञांशिवाय पडू नये. आणि 'मागच्या जन्मात काय झालं ते शोधू' असं कुणी म्हणालं तर फी परत मागावी. संमोहनात स्मरणशक्ती वाढत नाही, वाढतो तो आठवणीवरचा विश्वास. खोटी आठवणही मग खरी वाटू लागते, आणि घरातल्या माणसांवर आळ येतो. 'एका बैठकीत सिगारेट बंद' हेही त्याच पेठेतलं. धूम्रपानावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हा इतर उपायांहून संमोहन सरस असल्याचा पुरेसा पुरावा मिळालेला नाही.

माणूस निवडताना संमोहनाचं प्रमाणपत्र शेवटी पाहावं, ते शनिवार-रविवारच्या कोर्समध्येही मिळतं. आधी पाहायचं ते हे, की संमोहन येत नसतं तरी या माणसाला हा आजार हाताळता आला असता का. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जायचं नाही.

भेटी संपल्यावर रेकॉर्डिंग आठवड्यातून दोनदा-तीनदा चालू ठेवतात. परीक्षा, बदली, लग्नसराईतली जेवणं यांत पोट पुन्हा कुरकुरतं. तेव्हा दोन आठवडे परत रोज ऐकायचं, प्रश्नावली पुन्हा भरायची, आणि आकडा खाली येत नसेल तर एखादी उजळणीची भेट घ्यायची.