आईला नागपूरहून पुण्याला विमानानं आणताना

नागपूर ते पुणे विमानाची वेळ दिसते साधारण दीड तास. आईच्या दोन्ही गुडघ्यांनी साथ सोडलेली, तिला तपासणीसाठी पुण्याला आणायचं होतं. त्यामुळे आम्ही विमानच ठरवलं.

नकाशावर सरळ रेघ मारली तर या दोन विमानतळांमध्ये सुमारे ६०० किलोमीटर भरतात. रस्त्यानं ७०० च्या वर, आणि रेल्वेनं ८८० च्या आसपास. कारण गाडी वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ करत आधी मनमाड गाठते, मग अहिल्यानगरवरून खाली दौंडकडे उतरते. अजनी-पुणे वंदे भारतलाही बारा तास लागतात, तेही बसून. गुडघे दुखणाऱ्या माणसानं बारा तास खुर्चीत काढण्यापेक्षा गरीब रथचा खालचा बर्थ मला कधीही बरा वाटतो.

तिकिटावरचा दीड तास मोजतात तो विमान जागेवरून हलल्यापासून पुण्यात जागेवर उभं राहीपर्यंत. हवेत असतो आपण तास-सव्वा तास. बाकीचा वेळ घर ते विमानतळ, तपासणी आणि वाट पाहण्यात जातो. आम्हाला घर ते घर साडेपाच तास लागले.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग व्हीलचेअरचा. तिकीट काढतानाच ती मागायची, तिचे पैसे लागत नाहीत. पण व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. एक, ज्यांना जिना चढता येतो पण लांब चालवत नाही; दोन, ज्यांना जिना चढवत नाही पण विमानात सीटपर्यंत जाता येतं; तीन, ज्यांना सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं. आमच्या तिकिटावर पहिला प्रकार पडला होता. मी फोन करून दुसरा करून घेतला, म्हणून पुण्यात निभावलं. तिथं विमान इमारतीपासून दूर उभं राहिलं, सगळे जिन्यानं उतरले. आईसाठी उचलगाडी आली. ट्रकवरची अख्खी खोलीच वर चढते आणि विमानाच्या दाराला टेकते. आई खुर्चीत बसल्या बसल्या त्या खोलीत गेली आणि अलगद खाली आली. "अरे, एक पायरीसुद्धा नाही उतरावी लागली मला," ती म्हणाली. तिचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं. मात्र व्हीलचेअरवाल्यांना शेवटी उतरवतात, त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा.

सुरक्षा तपासणीत बायकांसाठी पडद्याआड वेगळी जागा असते, महिला जवान खुर्चीत बसलेल्या अवस्थेतच तपासते. आईला आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती बिचकली नाही. लोणचं हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत ठेवा. सुकं खोबरं मात्र घरीच ठेवा. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून अडवतात. पॉवर बँक उलट हातातच हवी. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठीही जवळ असू द्या, मोठी बॅग पट्ट्यावर यायला वेळ लागतो.

परतीचं तिकीट काढताना व्हीलचेअरचा प्रकार मी तिथल्या तिथेच निवडला, आणि आईसाठी पुढच्या रांगेतली कडेची सीट घेतली, म्हणजे पाय थोडे तरी लांब करता येतात.